राहून गेलेली बादली

साहेब : शिल्पा मॅडम, विमानात हे पाणी कुठून आलं?

शिल्पा : कुठलं, सर?

साहेब : या शेजारच्या सीटवरचं. हात लावून बघा. तनुजा एकटीच वर गेली होती ना?

शिल्पा : एकटीच. आज तिची पहिलीच एकटीची फेरी. तुमच्यासमोरच तर मी त्या सीटवरून उतरले, पट्टा बांधून ठेवला.

साहेब : पट्टा सुटलाय. आभाळात ढग नाही. म्हणजे विमान गळतंय, आणि मुलांना तुम्ही त्यात एकटं पाठवता.

शिल्पा : गळत नाही, सर. सगळं उघडून बघितलं आम्ही. वरून पाणी मारूनही बघितलं.

साहेब : म्हणजे हे आधीही झालंय.

शिल्पा : झालंय.

साहेब : मग दिल्लीला मी कसं कळवू, की या शाळेला मंजुरी द्या म्हणून?

शिल्पा : सर, महिनाअखेरीस जुनी मंजुरी संपतेय. ती गेली तर पोरं अर्ध्यात लटकतील. लातुरात खोल्या करून राहतात बिचारी. तनुजा तर नायगावहून आली.

साहेब : मग खरं काय ते सांगा.

रामलिंग : मी सांगू का, ताई?

शिल्पा : काका, तुम्ही नका बोलू.

साहेब : हे कोण?

शिल्पा : रामलिंगकाका. विमानं ढकलतात, धुतात. शाळा निघाल्यापासून इथंच आहेत.

रामलिंग : साहेब, लेकरू पहिल्यांदा एकटं उडून खाली आलं की त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायची रीत हाय. ओतणारा मी.

साहेब : माहीत आहे. माझ्याही अंगावर ओतलं होतं. पण तनुजावर कुणी ओतलं नाही.

रामलिंग : बंद केली ना. प्रीतम म्हणून लेकरू व्हतं नांदेडचं. लई गुणाचं. ते एकटं वर गेलं तवा मी बादली भरून हितंच हुबा व्हतो. त्याची माय टावेल घेऊन हुबी. इमान धरणात गेलं.

शिल्पा : त्यानंतर मालकांनी ती रीत बंद केली, सर. बादली दिसली की पोरं घाबरायची.

रामलिंग : तवापासून जे लेकरू पहिल्यांदा एकटं जातं, त्याच्या शेजारची सीट वली व्हती. वास घेऊन बगा.

साहेब : गाळाचा वास आहे.

रामलिंग : हाव. धरणाचा.

साहेब : तनुजा काही म्हणाली?

शिल्पा : उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, मॅडम, तुम्ही तर खाली होता, मग टेकताना "नाक जरा वर धर" कोण म्हणालं?

साहेब : ज्यानं कुणी सांगितलं, बरोबर सांगितलं. तिचं नाक खरंच खाली होतं. मी पाहत होतो.

रामलिंग : सांभाळून आणतंय लेकरांना. पन त्याची बादली राहून गेली, साहेब.

साहेब : मग आणा.

शिल्पा : सर?

साहेब : आणू द्या त्यांना. त्या बाजूचं दार मी उघडतो.

(रामलिंग बादली आणतो आणि उघड्या दारापाशी, कुणी नसलेल्या जागी, ओततो.)

शिल्पा : काका, पाणी खाली पडलंच नाही.

साहेब : सीट बघा.

शिल्पा : कोरडी. पार कोरडी आहे, सर.

साहेब : मग माझी हरकत नाही. मंजुरी द्या म्हणून कळवतो. पण रीत पुन्हा सुरू करा. तनुजालाही बोलवा. रामलिंग, दार लावून घ्या.

रामलिंग : जरा थांबा, साहेब. गार लागलं का रं, बाळा? टावेल तुज्या मायजवळच हाय. जा आता घरी.