भिंगाची तीट

सदाच्या यंत्राला यश येईपर्यंत हापूस तोंडाला लावणार नाही, असा नवस मी बोलले होते. माझा हा मुलगा दुर्बिणींची यंत्रं बनवतो. दोन मोसम कोरडे गेले. यंदा तो नवं भिंग घेऊन गावी, मिठबावला आला, तेव्हा मी त्या भिंगाच्या मधोमध काजळाची तीट लावली.

"आये, ह्या काय केलंस?"

"दिष्ट लागूची नाय म्हणान."

तो कपाळाला हात लावून बसला, मग हसायलाच लागला. "ताऱ्याचो उजेड झाकलो तर बाजूचो ग्रह दिसता. तेच्यासाठी यंत्राच्या आत, भिंगापासून लांब, असोच काळो ठिपको बसवूक आमका तीन वर्सां लागली."

"मगे माका आदी विचारूचा."

भिंग पुसलं, यंत्र चाललं, मी हापूस खाल्ला. तुमचंही लेकरू कुठे अडलं असेल तर नवस बोला, तीटही लावा. फक्त कुठे लावू, ते त्याला विचारा.