बिनकपाटाचं घर

...आणि वर दिग्दर्शक मलाच विचारतो, "अहो लेखक, या बाईचे चमचे बॅगेत कशाला?" आता मला काय माहीत, हो! लोकांचे चमचे बॅगेत नसतात हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी, भर तालमीत, सगळ्यांदेखत कळावं?

म्हणजे ऐका. आमचे बाबा पूल बांधायचे. पूल झाला, की चला पुढच्या देशात! बाबा एका देशाचे, आई दुसऱ्या देशाची, मी जन्मलो तिसऱ्यात, शाळा चौथ्या-पाचव्यात मिळून. आई रागवायची एका भाषेत, लाड करायची दुसरीत, आणि बाबा? बाबा सगळ्याच भाषांत गप्प! शेवटचा पूल इथे झाला आणि बाबाच गेले. घरात पलंगाखाली ही मोठी निळी बॅग. चमचे बॅगेत, टॉवेल बॅगेत, माझं प्रगतिपुस्तक बॅगेत! पाहुणे आले की आई वाकायची, पलंगाखाली निम्मी गडप व्हायची आणि कपबशा घेऊन बाहेर यायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा वाकतात! तेच लिहिलं हो नाटकात... तर दिग्दर्शक म्हणतो, "झकास लिहिलंय. पण आपल्यातलं वाटत नाही."

नटी म्हणते, "दादा, वाकून वाकून कंबर धरली माझी. आणि खरं सांगू? आपल्यातलं वाटत नाही." निर्मात्यानं तर नाटक वाचलंच नव्हतं. तोही नाकातून, "आपल्यातलं वाटत न्नाही!" अरे, हे 'आपण' म्हणजे कोण, बाबांनो? मला एकदा भेटवा तरी! आजोळी मी बाबांकडचा, बाबांकडे मी आईकडचा, आणि जिथे जन्मलो तिथे तर आत शिरायला परवाना लागतो मला!

शेवटी निर्मात्याची अट. बॅग काढा, कपाट ठेवा, नाहीतर नाटक बंद. भांडलो, रडलो, दोन दिवस जेवलो नाही... तिसऱ्या दिवशी जेवलो आणि कपाट लिहिलं. सख्ख्या आईची जन्मभराची कंबर पुसून टाकली हो मी!

पहिल्या प्रयोगाला आई शेजारी. पडदा वर गेला, नटी ताठ उभी, कपाट उघडलं, कपबशा काढल्या... आणि आईला हुंदका आवरेना. मेलो! आता माफी मागू तरी कुठल्या भाषेत? "आई, चुकलो गं, मुळात बॅगच होती..."

"गप रे!" डोळे पुसत म्हणाली, "किती सुरेख कपाट आहे त्या बाईचं! जन्मभर हेच मागितलं मी तुझ्या बाबांकडे."

नाटक? सातव्या प्रयोगाला आपटलं. समीक्षक काय लिहितो? "सगळं आपल्यातलंच आहे. लेखकाचं स्वतःचं काहीच नाही." घ्या!

निर्माता म्हणाला, कपाट घेऊन जा. चार माणसांनी जिने चढवून आईच्या खोलीत ठेवलं. सहा महिने झाले, आई रोज पुसते त्याला, आतून-बाहेरून. आणि आत? एक चमचा नाही! सगळं अजून पलंगाखाली. म्हटलं, "आई, लाव की आता सामान. अठ्ठावीस वर्षं झाली आपल्याला इथे!"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली, "आता केव्हाही निघावं लागेल."