भाविकाच्या गाडीत नुसती सोबतीला

...आणि हेल्मेटमध्ये अंबाडा बसत नाही, हे त्या हेल्मेट बनवणाऱ्याला कोणी सांगितलं नाही का हो? चौपन्न वर्षांची बाई मी, शेवंताबाई, सावद्याकडची, सकाळी उठून नीट अंबाडा बांधून गेली, तर शर्यतीवरचा तो शिट्टीवाला पोरगा म्हणतो, "मावशी, केस सोडा, नाहीतर गाडीतून उतरा!" उतरते ना बाबा! उतरायला मी एका पायावर तयार! पण मी उतरली की भाविकालाही उतरावं लागायचं, असा आमच्या घरचा कायदा... तुम्हाला सांगते, मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, मी नुसती सोबतीला!

भाविका म्हणजे माझ्या भावाची मुलगी. बावीस वर्षांची. केळीच्या बागेत खत न्यायची आमची एक जुनी जीप आहे, ती ही पोरगी नाल्यात घालायची आणि पलीकडून काढायची. गावातली पोरं ट्रॅक्टर घेऊन रुतून बसायची अन् ही बाहेर निघून वर विचारायची, "दोर देऊ का?" मग हिला मोबाईलवर कळलं की असल्या शर्यती असतात, ऑफ-रोड म्हणतात, म्हणजे चांगला रस्ता शेजारी असताना मुद्दाम दगडधोंड्यातून जायचं, त्याचा कप देतात! पोरीनं जेवण सोडलं. दोन दिवस! शेवटी आमचे निंबाभाऊ, तिचे वडील, पघळले, पण कसे? "जाय, पन पोरीच्या जातीले एकटं कसं पाठवू? संगे बाईमानूस पाहिजे!" आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

का नाही पाहणार? तिशीत नवरा गेला, मी माहेरी आली, तेव्हापासून या घरात सोबत म्हणजे शेवंता. वहिनीचं बाळंतपण, चला. थोरल्या पुतणीची, रूपालीची दहावीची परीक्षा, बसा केंद्राबाहेर तीन तास. मुलगी बघायला जायचंय, गाडीत एक जागा उरली, शेवंताला घ्या. दुसऱ्यांच्या पिशव्या धरण्यात जन्म गेला माझा! म्हटलं, शर्यत तर शर्यत, झाडाखाली बसेन, पोरीची पर्स सांभाळेन.

धुळ्याच्या बाहेर माळावर पोहोचलो, आणि तिथं कळलं की गाडीत दोन माणसं लागतात! एकानं चालवायचं, दुसऱ्यानं रस्ता सांगायचा, अडकलं की चिखलात उतरून दोर बांधायचा. त्याला नेव्हिगेटर म्हणतात. भाविकानं कॉलेजातला हितेंद्र ठरवलेला, गरीब पोरगं, चष्मेवालं. मी भावाला फोन लावला, लावायलाच नको होता! "परका पोरगा? हातभर अंतरावर? शेवंता, तू बस त्या शिटवर!" अहो भाऊ, मला एसटीत मळमळतं! "मंग डोये मिटून बस!"

म्हणजे बघा, रस्ता सांगायची जागा, आणि तिथं डोळे मिटलेली बाई! पहिल्या टप्प्यात मी माईकमध्ये सगळे देव संपवले. भाविका ओरडते, "आत्या, देव नको, डावं-उजवं सांग!" मी म्हटलं, अगं, मी नुसती सोबतीला!

पण दुसऱ्या टप्प्यात एक डोळा उघडला. समोर चिखल. तीन गाड्या आधीच रुतलेल्या, दाढीवाले बापे टायर ढकलून राहिले, आणि ही त्याच बाजूला वळवतेय! माझ्या तोंडून निघून गेलं, "तिकडं कुठं घालते, डोळे फुटले का? चमकतो तो चिखल खोल असतो! गवताच्या कडेनं घे!" तिनं घेतली... आणि आम्ही पार! अहो, वीस-बावीस वर्षं केळीला पाणी भरलंय मी. कुठं घोटा जातो अन् कुठं गुडघा, हे मला कोणी शिकवायचं का? पुढं चढणीवर गाडी घसरायला लागली, तर मी दार उघडून खाली, दोर घेऊन बाभळीकडं पळाली, पदर खोचायला हात कमरेला गेला तर पदरच नाही, अंगात तो शर्यतीचा डगला! बांधला दोर. तो शिट्टीवाला पोरगा तोंड उघडं टाकून पाहून राहिला. म्हशी बांधल्यात रे बाबा मी, तुझी गाडी काय मोठी?

एकतीस गाड्यांत सातव्या आलो. मग एरंडोलकडं तिसऱ्या. मग भडगावला, गिरणेच्या पात्रात... पहिल्या! सगळ्या बाप्यांना मागं टाकून! पोरीनं गाडी अशी काढली की माझी एसटीतली मळमळ कुठं पळाली, कळलं नाही. माईकवाला किंचाळतो, "विजेती भाविका! आणि सोबत तिच्या मातोश्री!" मी माईक हिसकावला. "आत्या!" मोठ्या पाटीवर लिहिलेलं, नेव्हिगेटर शेवंताबाई. लग्नाच्या पत्रिकेनंतर माझं नाव कुठं छापलेलं मी पाहिलं नव्हतं हो. रडली मी तिथं, सगळ्यांसमोर.

गावात फलक लागला. निंबाभाऊ मधोमध, फेटा बांधून, भाविका कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. मी? मी कशाला असेन? मी नुसती सोबतीला!

पुढं पुण्याची टीम आली. नवी गाडी, शिकलेला नेव्हिगेटर, पार अरुणाचलपर्यंतच्या शर्यती. गॉगलवाला साहेब मला गोड आवाजात म्हणतो, "काकू, आता तुम्ही आराम करा हं." भाविका अडून बसली, "आत्या नाही तर मी नाही!" मी म्हटलं, वेडी आहेस, जा मुकाट्यानं. आणि भाऊ काय म्हणाले? तेच भाऊ! "जाऊ दे पोरीले एकटी. जग कुठल्या कुठी गेलं, शेवंता, तू जुन्याच इचाराची राह्यली!"

मी जुन्या विचाराची! मी!

गेली पोरगी. नाव काढून राहिली, पेपरात येते, मला फार आनंद आहे. पण खरं सांगू? पंधरा दिवस घास उतरत नव्हता. बागेत पाणी सोडायची आणि एकटीच पुटपुटायची, डावं घे... उजवं घे... वहिनीला वाटलं, मला बाहेरचं लागलं.

आणि परवा फोन, शर्यतीत गाडी चालवणाऱ्या एका पोरीचा. "आत्या, मी दिपमाला, धुयानी. माले गाडीमा रस्ता सांगाले कोनी नही शे. तुम्ही मनासंगे येशात का?" तिचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हटलं! पिशवी भरली. माझी स्वतःची पिशवी, पहिल्यांदा! दारात भाऊ.

"कुठी चालली?"

"शर्यतीला."

"कोनासंगे?"

"एकटी."

भाऊ ओट्यावर बसले. घाम पुसला. "या वयात? बाईमानूस? एकटं? लोक काय म्हनतीन? थांब, मी येतो."

मी म्हटलं, भाऊ, गाडीत दोनच सीट असतात. तर तुम्हाला सांगते, त्यांनी माझ्यासमोर धुळ्याच्या शर्यतवाल्यांना फोन लावला, "सायेब, मांगच्या बाजूले एक खुर्ची टाकता यीन का? मी काही बोलनार नाही, गुपचूप बसीन."

आणि ते लोक म्हणाले, बघून सांगतो!