समुद्राखालचे खडक आणि आमची आई

शिवानंद सुटीवर सोलापूरला आला की मला जेवण गोड लागायचं नाही. कॉलेजात आम्ही एका बाकावरचे. बाहत्तरच्या दुष्काळात मी मोहोळच्या माळावर जमिनीत वीज सोडून विहिरींसाठी पाणी शोधत होतो, आणि हा जहाजावर बसून समुद्राच्या तळाखालचे खडक शोधत होता. माझी आईसुद्धा गरम भाकरी आधी त्यालाच वाढायची.

एकदा जेवताना तो म्हणाला, "काकू, आमी पाण्यात मोठा आवाज करतो. तो खडकांवर आपटून परत येतो, त्यावरनं थर कळतात. पण थरात तेल हाय का खारं पाणी, ते कळत न्हाय. आता साहेबांना तितं वीज सोडून दोन्ही नकाशे जुळवून बघायचेत. म्हणून याला न्यायला आलोय."

माझा घास हातातच राहिला. मी 'हो' म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "याला? अरे, हा मोडनिंबपर्यंत एसटीत बसला तरी ओकतो की!"

"मग जहाजावर कसं व्हायचं?" म्हणत शिवानंद पोट धरून हसला, आणि आमच्याच वर्गातल्या रशीदला घेऊन गेला.

तेव्हापासून मी दोघांवर जळतो.