पहिलं पान रांधणारीचं

मंडळी, ऐका! आरतीआधी एक प्रश्न विचारतो, आणि उत्तर पुरुषांनी द्यायचं. देवाला नैवेद्य दाखवून झाला. आता घरात पहिला घास कुणाचा? ...हां! बघा, सगळे कसे गप्प! अहो, बोलू नका, उत्तर तुमच्या पोटांवर दिसतंय!

हसलात? ठीक. आता गोष्ट ऐका.

केतकी. सरनाईकांची नवी सून, अंगाची हळद अजून उतरली नव्हती. निघताना आईनं बजावलेलं, "वर्षभर तोंड उघडू नकोस, बाई." घरात पूजा. माजघरात पुरुषांची पंगत, टोकाला चुलतसासरे आबाकाका. जिलबीचा आग्रह काय, गप्पा काय — पंगत उठेचना! आणि आत सासूबाई, मालतीबाई, पहाटेपासून चुलीपाशी उभ्या. साखरेचा आजार. आता बसूच जेवायला, म्हणून इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलेलं — आणि जेवणाचा पत्ता नाही! साखर लागली भराभर उतरायला!

केतकीनं पाहिलं, सासूबाईंचा हात थरथरतोय. कपाळावर घाम.

"आई, दोन घास खाऊन घ्या ना."

"नको गं. पंगत उठू दे. आमच्यात तशी रीत नाही."

रीत! केतकीला तिची पणजी आठवली — चिमाबाई! आता ही कोण? तर अक्षराची ओळख नसलेली बाई. तरुणपणी एकदा जत्रेला सगळ्या पै-पाहुण्यांना तिनं रांधून वाढलं, आणि स्वतः रिकामी पातेली खरवडून, वर पाणी पिऊन निजली. कुशीत तान्हं पोर, आणि अंगावर दूध नाही! पोर रडून रडून निळं पडलं. तेव्हा बाईनं ठरवलं — माझ्या हाती कारभार येऊ दे, हे बंद! आणि आला हो कारभार! घरात सून आली, नैवेद्य झाला, आणि चिमाबाईनं पहिलं पान मांडलं सुनेचं. ओटीवरून चिमाबाईचे सासरे गरजले, "आम्ही काय उपाशी मरायचं?"

चिमाबाई पदर सावरून म्हणते कशी, "मरत नाही कुणी, मामंजी! थोडं थांबायचं. मी इतकी वर्षं थांबलेच की!"

वाजवा टाळ्या! माझ्यासाठी नको, तिच्यासाठी वाजवा. तेव्हापासून त्या घरात जी रांधते ती आधी जेवते. हा किस्सा पणजीच्या बोळक्या तोंडून केतकीनं मांडीवर बसून ऐकलेला.

मग काय! केतकीनं सासूच्या तोंडात चमचाभर साखर घातली, दंडाला धरलं, आणि थेट पंगतीत आणलं. आबाकाकांच्या शेजारी पाट ठेवला, पान वाढलं. "बसा, आई."

आबाकाका कडाडले, "ही कुठली रीत?"

"माझ्या पणजीची."

"माहेरची थेरं इथं नकोत!"

पोरीच्या मनात आलं हो, संसार सुरू व्हायच्या आधीच मोडला तर? पण पोळ्यांची परात तिनं पोटाशी घट्ट धरली. "आई जेवल्याशिवाय पुढची पोळी वाढणार नाही. रागवा, माहेरी धाडा. पण आधी आईंचा हात बघा — कसा कापतोय!"

सगळ्यांच्या माना वळल्या. जन्मभर त्या हातचं खाल्लं, हात कुणी पाहिलाच नव्हता! केतकीचे सासरे भरल्या पानावरून उठले. सगळ्यांना वाटलं, आता भडका! पण त्यांनी हात धुतला, वरणाचं पातेलं उचललं, आणि बायकोच्या भातावर वरण वाढलं. वर तूप!

मालतीबाईंनी घास घेतला. डोळे भरून आले. म्हणाल्या, "या घरात म्हातारी झाले मी. गरम वरण आज पहिल्यांदा खाल्लं."

चिमाबाईला जाऊन कितीतरी वर्षं झाली. तिचा साधा फोटोसुद्धा नाही. पण परक्या घरात, एवढ्या पुरुषांसमोर, तिच्याच जोरावर उभी राहिली ना पणती? धन्य ती म्हातारी!

आता तुमचं बोला! देवळामागं आपल्या बाया पहाटेपासून पोळ्या लाटताहेत. धुरानं डोळे चुरचुरताहेत त्यांचे. आरती होईल, नैवेद्य होईल, आणि पहिली पंगत त्यांची! वाढायचं तुम्ही. सरपंच, वरणाची बादली तुमच्याकडे. अहो, खाली काय बघता? कबूल?

...आवाज बायकांचाच आला! पुरुष मंडळी, कबूल? नसेल तर मी हा इथंच उभा आहे. आरतीच्या ताटाला हात लावणार नाही!