मार्कच्या गुडघ्यासाठी डिंकाचे लाडू

मार्कच्या गुडघ्याचं तुम्हाला सांगितलंच नाही ना मी? मार्क हा ह्यांच्या ऑफिसातला अमेरिकन. कॉलेजात तो त्यांच्याकडचा, चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल खेळायचा. लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणं हे त्याचं काम. त्यापायी गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. आता दुखावला तर खेळ कायमचा बंद, असं डॉक्टरनं बजावूनही एका रविवारी तो पुन्हा उतरणार होता.

हाडाचं दुखणं म्हटलं की मला एकच औषध माहीत. इथल्या लिटिल इंडियातल्या भारतीय दुकानातून डिंक आणून मी त्याला महिनाभर लाडू खाऊ घातले. दुकानात आमच्याच ब्लॉकमधल्या दाबकेकाकू भेटल्या.

"आत्तापासूनच तयारी? कितवा महिना गं?"

"काकू, माझ्यासाठी नाही."

"लाजतेस काय!" म्हणाल्या, आणि मी सामना बघायला जाणार हे कळताच त्या रविवारी मला जपायला मैदानावर हजर.

मार्कनं चेंडू झेलला आणि दोन धिप्पाड गडी त्याच्या अंगावर कोसळले. पण तो उठला, न लंगडता थेट आमच्याकडे धावत आला आणि ओरडला, "युअर लाडू, मॅडम!"

"बाळंतिणीचे लाडू ह्याला?" काकू थक्क. तेवढ्यात कुणीतरी मार्कला बर्फाचं पाणी दिलं. काकूंनी ग्लास हिसकावला, स्वतःचा स्कार्फ काढून त्याच्या कानांवरून घट्ट बांधला आणि मला म्हणाल्या,

"सांग त्याला, सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही."