मागच्या बाजूचा मोर

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. आठवीतच शाळा सोडली, शब्दही साधेच येतात मला.

मी मागावर चादरी विणतो आणि मुलांसाठी गोष्टी लिहितो. सुचतं सगळं भाचीच्या बोलण्यातून. एकदा ती म्हणाली, "मामा, चादर वाळत घातली की तिच्यावरचा मोर उडून जात असंल." त्यावर मी तीन आठवडे गोष्ट लिहिली. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "रविवारी मुलांना वाचून दाखवा. त्यांना आवडली तर वाचनालयाच्या अंकात छापू."

माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं. मान खाली घालून वाचत गेलो. मोर उडाला, तलावावर पाणी प्यायला, चादरीत मोराएवढी जागा रिकामी राहिली. मुलं पुढं सरकून बसली. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात आमच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या लक्ष्मीअक्कांची मुलगी उठली. "ओ दादा, मागचा मोर कुटं गेला?"

"मागचा कुठला?"

"चादरीला दोन्ही बाजूंनी मोर असतोय की. वरनं लाल, मागनं पांढरा. एकटाच उडाला व्हय?"

"मागचा झोपला असंल," एक पोरगा म्हणाला.

"रोज विणतो आनि ह्याला ठाऊक न्हाय," दुसरा म्हणाला.

बाई हसू दाबत म्हणाल्या, "अंक उद्या छापायला जातोय. मोराचं काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाकून मागावरची चादर खालून बघत होतो. मुकादमांनी विचारलं, "काय रे, मालात खोट हाय का?"

"मालात न्हाय ओ, गोष्टीत हाय," म्हणालो, आणि लक्ष्मीअक्कांची मुलगी शाळेला जायच्या आत तिला गाठून मागच्या मोराचं विचारायला सायकल काढली.